विश्लेषण : ‘स्ट्रक्चरल ऑडिट झाले’ म्हणजे पूल सुरक्षित आहे का?

९ जुलै २०२५ च्या सकाळी गुजरातमध्ये वडोदरा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणारा मही नदीवरचा गंभीरा पूल वाहतूक सुरू असतानाच तुटला. एक गाळा खाली गेला, त्यासोबत वाहने नदीत कोसळली आणि किमान २० जणांचा जीव गेला. तुटलेल्या टोकावर अडकून राहिलेल्या टँकरचे छायाचित्र त्या दिवशी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेले. हा पूल ब्रिटिशकालीन नव्हता, दगडीही नव्हता. १९८० च्या दशकात बांधलेला, जेमतेम चाळिशीतला काँक्रीटचा पूल होता. अशा वयाचे पूल आपण रोज ओलांडतो.

त्याआधी महिनाभरच, १५ जूनला, मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. अशा प्रत्येक घटनेनंतरची बातमी ठरलेली असते : ‘सर्व पुलांचे स्ट्रक्चरल ऑडिट करण्याचे आदेश.’ काही महिन्यांनी ‘ऑडिट झाले’ असे उत्तर मिळते आणि विषय मिटतो.

पण ऑडिटमध्ये नेमके काय तपासतात? काय तपासता येत नाही? आणि अहवाल आल्यावर काय व्हायला हवे? काँक्रीटच्या जुन्या पुलांपुरते हे समजून घेऊ.

काँक्रीट इतके टणक, मग ते म्हातारे कसे होते?

काँक्रीट दाब उत्तम झेलते, पण ताणले की तडकते. पुलावरून ट्रक गेला की तुळई किंचित खाली वाकते आणि तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो. हा ताण घेण्यासाठी आत लोखंडी सळया असतात. त्यामुळे पुलाचे आयुष्य हे मुख्यतः त्याच्या पोटातल्या पोलादाचे आयुष्य असते.

सळई एरवी उघड्यावर महिन्याभरात तांबूस होते, पण काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षे शाबूत राहते. याचे कारण काँक्रीटचा अल्कधर्मी गुण. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा ते तेराच्या घरात असतो. अशा वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि गंज रोखला जातो.

हा थर दोन गोष्टींनी मोडतो. पहिली, हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरी, मीठ. खाडीची हवा, भरतीचे पाणी किंवा बांधकामातच वापरले गेलेले खारे पाणी यांतले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की पीएच चांगला असूनही ठिकठिकाणी गंज धरतो.

सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये असलेल्या काँक्रीटच्या जाडीला बांधकामावर सगळे ‘कव्हर’ म्हणतात. कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. पहिल्या १० वर्षांत ते १० मिलिमीटर आत गेले, तर २० मिलिमीटर जायला साधारण ४० वर्षे लागतात. याचाच उलटा अर्थ महत्त्वाचा आहे. काँक्रीट ओतताना सळई सरकली आणि कव्हर निम्मे पडले, तर संरक्षणाचा काळ निम्मा होत नाही, पाव होतो. साइटवर एका दुपारी झालेली हयगय अशी तीस वर्षांनी बाहेर येते.

गंज मूळ पोलादापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो, भेग पडते, पोपडे सुटतात, पाणी आणखी आत जाते. पुलाखाली उघड्या पडलेल्या तांबूस सळया दिसतात, तेव्हा हे चक्र बरेच पुढे गेलेले असते.

मग उघड्या सळया दिसत नसतील तर पूल ठीक आहे का?

तसे म्हणता येत नाही. विशेषतः पूल ‘प्रीस्ट्रेस्ड’ असेल तर नाहीच.

लांब गाळ्यांच्या पुलांमध्ये साध्या सळयांऐवजी उच्च ताकदीच्या तारांच्या केबल घालतात. त्या जॅकने खेचून, प्रचंड ताणाखाली अडकवून ठेवतात. त्यामुळे काँक्रीट आधीच दाबलेले राहते आणि वाहनांच्या वजनाने त्यात ताण येत नाही. केबल ज्या नळीतून जाते ती नळी नंतर सिमेंटच्या पातळ ग्राउटने भरतात. ग्राउट नीट भरले नाही तर नळीत पोकळी राहते. पोकळीत पाणी साचते आणि ताणलेली तार तिथे गंजू लागते. बाहेरून मात्र तुळई गुळगुळीत दिसते.

याचा धडा आपल्या शेजारीच मिळाला होता. पणजीचा मांडवी नदीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो जेमतेम दीड दशकाचा होता. खाऱ्या हवेत प्रीस्ट्रेसिंगच्या केबल गंजणे हे त्यामागचे मुख्य कारण मानले गेले. गोव्याची राजधानी पुढची काही वर्षे फेरीबोटींवर विसंबून राहिली.

जर्मनीसारख्या देशालाही हे चुकले नाही. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे ड्रेस्डेन शहरातल्या कारोला पुलाचा एक भाग एल्बे नदीत पडला. शेवटची ट्रॅम काही मिनिटांपूर्वीच पार झाली होती, म्हणून कोणी मेले नाही. तिथेही दोष केबलच्या तारांतच निघाला. बांधकामाच्या काळातच ओलाव्यामुळे सुरू झालेल्या सूक्ष्म भेगा पन्नास वर्षे तारांमध्ये वाढत होत्या. नियमित पाहणी होत असूनही हा धोका वेळेत कळला नाही.

वेळीच लक्षात आल्याचीही उदाहरणे आहेत. ठाणे खाडीवरचा पहिला वाशी पूल १९७३ मध्ये खुला झाला. त्याच्या केबल गंजल्याचे आढळल्यावर तुळईत बाहेरून नव्या केबल लावून त्याला बळकटी दिली गेली आणि पुढे शेजारी दुसरा पूल उभा राहिला. गोव्यातला १९८३ चा जुना झुआरी पूलही असाच जपून वापरावा लागला. अवजड वाहनांवर बंधने आली, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये नवा पूल टप्प्याने खुला होऊ लागल्यावर त्याच्यावरचा भार हलका झाला. हे दोन पूल कोसळले नाहीत, म्हणून त्यांची चर्चाही होत नाही. दुखणे ओळखणे, वजन कमी करणे, दुरुस्ती करणे आणि पर्याय उभा करणे हा क्रम तिथे पाळला गेला.

पूल तोच, मग त्याच्यावरचे ओझे वाढले कसे?

पुलाचा नकाशा ज्या वर्षी काढला, त्या वर्षीची वाहने गृहीत धरलेली असतात. रस्त्यावरची वाहने मात्र बदलत जातात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या आसावर अनुज्ञेय भार वाढवला. चार टायरच्या एका आसावर आधी १०.२ टन चालत, ते ११.५ टन झाले. ही झाली कायदेशीर मर्यादा. वाळू, खडी, ऊस यांच्या गाड्या प्रत्यक्षात किती भरतात, हे ग्रामीण भागातल्या वाचकांना सांगायला नको.

शिवाय एक ओझे असे आहे की ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुलावर खड्डे पडले की जुना डांबराचा थर न काढता वर नवा चढवला जातो. हिशेब सोपा आहे. ५० मिलिमीटर जाडीचा डांबरी थर चौरस मीटरला साधारण ११५ किलो भरतो. १०० मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद पुलावर हा एक थर म्हणजे सुमारे ८५ टन. जणू २८ टनांचे तीन भरलेले ट्रक त्या पुलावर कायमचे उभे करून ठेवले. तीन वेळा असे झाले की नऊ ट्रक. रस्ता छान झाला म्हणून आपण खूश असतो आणि तुळई मात्र हे ओझे रात्रंदिवस वाहत असते.

ऑडिटमध्ये नेमके काय करतात?

इंडियन रोड्स काँग्रेसने यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका केल्या आहेत. पाहणी आणि देखभालीसाठी एसपी-३५, भारक्षमता मोजण्यासाठी एसपी-३७ आणि भार चाचणीसाठी एसपी-५१. नियम नाहीत अशी आपली अडचण नाही. चांगल्या तपासणीत तीन भाग असतात : पाहणी, चाचणी आणि गणित.

पाहणी म्हणजे कठड्यावरून वाकून बघणे नव्हे. पुलाच्या खालच्या अंगाला हात लागेल इतक्या जवळून बघणे. त्यासाठी पुलावर उभे राहून खाली बाहू सोडणारी खास गाडी लागते, किंवा होडी, परांची लागते. भेगांची रुंदी मोजतात, हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतात, बेअरिंग सरकले किंवा अडकले आहे का ते पाहतात.

चाचण्या अनेक आहेत आणि प्रत्येकीची एक मर्यादा आहे.

रिबाउंड हॅमर : पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारे हातातले उपकरण. झटपट आणि स्वस्त. पण ते वरच्या कातडीचाच टणकपणा सांगते. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग उलट अधिक टणक होतो. त्यामुळे जुन्या पुलावर हे उपकरण ताकद खरीपेक्षा जास्त दाखवू शकते.

अल्ट्रासोनिक चाचणी : ध्वनितरंग काँक्रीटमधून किती वेगाने जातो ते पाहतात. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास वेग असेल तर काँक्रीट भरीव. तीन किलोमीटरच्या खाली असेल तर आत पोकळी किंवा भेगांचा संशय. सळईच्या गंजाबद्दल ही चाचणी थेट काही सांगत नाही.

हाफ-सेल चाचणी : सळई आणि पृष्ठभाग यांतला विद्युतदाब मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. पण सळई किती झिजली हे यातून कळत नाही.

फिनॉल्फथॅलीन : शाळेच्या प्रयोगशाळेतले तेच रसायन. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. रंगाची सीमा सळईपर्यंत पोचली असेल तर संरक्षण संपले.

कोअर : काँक्रीटचा दंडगोल कापून प्रयोगशाळेत दाबून फोडतात, त्यातले क्लोराइड तपासतात. हा सर्वांत थेट पुरावा. पण पुलाला भोके पाडायची असल्याने मोजकेच नमुने घेता येतात.

तिसरा भाग गणिताचा आणि नेमका तोच अनेकदा वगळला जातो. मूळ नकाशे, आतल्या सळया-केबलची मांडणी, चाचण्यांतून कळलेली आजची ताकद आणि आजची वाहने हे सगळे एकत्र करून एक आकडा काढायचा असतो. पुलाचे स्वतःचे वजन पेलून झाल्यावर वाहनांसाठी किती ताकद उरते आणि वाहनांना किती लागते, यांचे गुणोत्तर. ते १ पेक्षा जास्त असेल तर पूल त्या वाहनाला पात्र. कमी असेल तर वजनमर्यादा घालायची, बळकटी द्यायची किंवा पूल बंद करायचा. हा आकडा नसलेला अहवाल म्हणजे रक्त न तपासता नुसती जीभ बघून दिलेले आरोग्य प्रमाणपत्र.

पुलावर ट्रक उभे करून बघतात, ती चाचणी पुरेशी नाही का?

भार चाचणीत ठरलेल्या वजनाचे ट्रक किंवा पोती एका गाळ्यावर २४ तास ठेवतात. तुळई किती वाकली ते मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. वजन काढल्यावर पुढच्या २४ तासांत ती किती पूर्ववत झाली ते पाहतात. साध्या आरसीसी पुलाने किमान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्ड पुलाने किमान ८५ टक्के वाकणे परत घेतले पाहिजे. म्हणजे आरसीसी तुळई १२ मिलिमीटर वाकली असेल तर निदान ९ मिलिमीटर तरी वर यायला हवी. उन्हानेही तुळई वाकते, म्हणून तापमानाची नोंद घेऊन तेवढा फरक वजा करावा लागतो.

चाचणी उपयुक्त आहे, पण तिचा निष्कर्ष त्या गाळ्यापुरता आणि त्या दिवसापुरता असतो. शेजारच्या गाळ्याची केबल कशी आहे, पाच वर्षांनी काय होईल, हे ती सांगत नाही. वाकून आधी इशारा देणारा दोष ती पकडते. न वाकता अचानक तुटणारा भाग मात्र निसटू शकतो.

सगळे करूनही कोणते भाग नजरेआड राहतात?

तीन जागा खास धोक्याच्या आहेत. पहिली म्हणजे वर पाहिलेल्या केबल.

दुसरी म्हणजे तुळईचे खाचेत बसवलेले सांधे. काही पुलांत खांबापासून पुढे आलेल्या बाहूच्या टोकाला पायरीसारखी खाच असते आणि मधला गाळा त्या खाचेवर टेकलेला असतो. याला आर्टिक्युलेशन म्हणतात. वरच्या एक्स्पान्शन जॉइंटमधून झिरपणारे पाणी नेमके याच अरुंद फटीत उतरते आणि तिथे ना डोळा पोचतो, ना हात. गंभीरा पूल कोसळल्यावर गुजरात सरकारने प्राथमिक कारण सांगितले ते पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडल्याचे.

कॅनडाच्या क्विबेक प्रांतात लावाल शहरातला द ला काँकॉर्ड पूलही ३० सप्टेंबर २००६ रोजी अशाच सांध्याशी तुटला आणि पाच जण दगावले. विशेष म्हणजे काँक्रीटचे तुकडे रस्त्यावर पडत असल्याची तक्रार आल्याने कर्मचारी त्याच दिवशी, कोसळण्याच्या थोडाच वेळ आधी येऊन तुकडे उचलून, पाहून गेला होता. चौकशीत कळले की सळया मुळातच चुकीच्या जागी बसल्या होत्या. पाहणी केली नाही असे तिथे नव्हते. ज्या जागी दोष होता, ती जागा पाहणीत दिसतच नव्हती.

तिसरी जागा पाण्याखालचा पाया. पुरात खांबाभोवती भोवरा तयार होतो आणि तळाची माती-वाळू खरवडून नेतो. पाणी ओसरल्यावर त्या खड्ड्यात गाळ बसतो आणि वरून सारे पूर्ववत दिसते. बेसुमार वाळूउपशाने पात्रच खाली गेले असेल तर पायाची पकड आणखी कमी होते. सावित्री पुलाची पाहणी दुर्घटनेच्या काही महिने आधी, मे २०१६ मध्ये झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, हे तेव्हाच समोर आले. पाण्याखाली पाणबुड्या किंवा सोनार उतरवल्याशिवाय नदीवरच्या पुलाला ‘सुरक्षित’ म्हणणे म्हणजे घर न उघडता आत सर्व कुशल आहे असे सांगणे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ऑडिट अहवालातले सर्वांत महत्त्वाचे पान ‘काय तपासले नाही’ हे असायला हवे. प्रामाणिक अभियंता लिहील : ‘केबलच्या नळ्या उघडता आल्या नाहीत. मूळ नकाशे मिळाले नाहीत. पाया पाहिला नाही.’ असे पान असलेला अहवाल वाचायला अस्वस्थ करणारा असेल, पण पुढे काय करायचे ते तोच सांगतो. ते पान नसलेला अहवाल सर्वांना निर्धास्त करतो आणि धोका तिथेच राहतो.

मुंबईने याची किंमत मोजली आहे. १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. त्याचे ऑडिट झालेले होते आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचे त्यात म्हटले होते. पूल वेगळ्या प्रकारचा, पण प्रश्न हाच.

शंका असेल तर पूल सरळ बंद का करत नाहीत?

कारण बंद पूल हीदेखील एक शिक्षाच असते. मुंबईत अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथाचा भाग जुलै २०१८ मध्ये रुळांवर पडला. उरलेला पूल धोकादायक ठरवून नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्ण बंद केला गेला, आणि नव्या पुलाची पहिली बाजू खुली व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. सव्वा वर्ष पूर्व-पश्चिम अंधेरीने कोंडी सोसली. गावाकडे तर पूल बंद म्हणजे एसटी बंद, दूध-भाजीची गाडी वीस किलोमीटर फिरून, आणि रात्री दवाखाना गाठताना नशिबाची परीक्षा. त्यामुळे अधिकाऱ्यावर दोन्हीकडून दबाव असतो. बंद केला तर आज ओरड, सुरू ठेवला तर उद्याची भीती. आज आणि उद्या यांत बहुधा आजचा विजय होतो.

यातला मधला मार्ग म्हणजे वजनबंदी. मात्र नुसता फलक लावून ती होत नाही. कुंडमळ्यालाही धोक्याचा फलक होताच. अवजड गाड्या खरोखर थांबवायच्या तर पुलाच्या दोन्ही टोकांना उंची अडवणारी लोखंडी कमान हवी आणि वळणरस्ता आधी तयार हवा. दुरुस्तीचा निधी ऑडिटच्या वेळीच बाजूला काढलेला नसेल, तर अहवाल येऊनही पूल आहे तसाच राहतो.

आणखी एक अडचण मालकीची आहे. एकाच तालुक्यात एक पूल राष्ट्रीय महामार्गाचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तिसरा जिल्हा परिषदेचा, चौथा पाटबंधारे खात्याचा असू शकतो. केंद्राने २०१६ मध्ये पुलांच्या नोंदीसाठी ‘इंडियन ब्रिज मॅनेजमेंट सिस्टिम’ सुरू केली. त्यात दीड लाखांहून अधिक पूल आणि मोऱ्यांची नोंद झाली आणि १४७ पुलांकडे तातडीने लक्ष देण्याची गरज पुढे आली. पण ही नोंद राष्ट्रीय महामार्गांची. गावांना जोडणारे बहुसंख्य पूल त्याबाहेर आहेत.

मग मागणी कशाची करायची?

‘ऑडिट करा’ ही मागणी आता पुरेशी नाही. आमच्या मते पुढच्या चार गोष्टी मागायला हव्यात.

एक, अहवाल सार्वजनिक करा. अमेरिकेत सहा लाखांहून अधिक पुलांची माहिती आणि त्यांना दिलेले गुण कोणालाही पाहता येतात, आणि सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी पाहणी होते. ही व्यवस्था १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज ४६ बळी घेऊन पडल्यानंतर आली. आपल्याकडे पुलाच्या कठड्यावर एक क्यूआर कोड लावणे अवघड नाही. फोनवर पुलाचे वय, शेवटची तपासणी आणि वजनमर्यादा दिसावी.

दोन, काय तपासले नाही याचे स्वतंत्र पान अहवालात सक्तीचे करा.

तीन, प्रत्येक शिफारशीपुढे तारीख, रक्कम आणि जबाबदार पदाचे नाव लिहा. ‘लवकरात लवकर दुरुस्ती करावी’ या वाक्यावर बंदीच हवी.

चार, ऑडिट करणारा आणि दुरुस्तीचे कंत्राट घेणारा वेगळा ठेवा. ऑडिटचे काम सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला देऊ नका. पुलाखाली गाडी, पाणबुडे, कोअर यांना पैसा लागतो. कमी दरात फक्त हॅमर आणि छायाचित्रे मिळतात.

तुम्ही स्वतः काय पाहू शकता?

पूल सुरक्षित आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचा. पण नव्याने दिसलेला बदल महत्त्वाचा असतो आणि तो रोज जाणाऱ्यालाच आधी कळतो.

कठड्याची सरळ रेषा एका जागी खाली बसलेली किंवा बाजूला सरकलेली दिसते का? सांध्यावरून जाताना पूर्वी नसलेला मोठा धक्का किंवा आवाज येतो का? सांध्याची फट अचानक रुंदावली आहे का? खांबांवर तांबूस ओघळ, तुळईखाली पांढरे क्षार, नव्याने पडलेले काँक्रीटचे तुकडे दिसतात का? पावसाळ्यात पुलावर पाणी तुंबते का? ट्रक गेला की पूल थोडा थरथरणे स्वाभाविक आहे. कालपेक्षा आज जास्त थरथरणे स्वाभाविक नाही.

असे काही दिसले तर पूल रिकामा असताना सुरक्षित जागेवरून फोटो काढा. तारीख आणि ठिकाणासह ग्रामपंचायत, बांधकाम उपविभाग किंवा महापालिकेच्या विभाग कार्यालयाला लेखी द्या आणि पोच घ्या. तुकडे पडत असतील किंवा कठडा झुकला असेल तर थेट ११२ वर फोन करा. गंभीरा पुलाच्या स्थितीबद्दल स्थानिकांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, असे दुर्घटनेनंतर पुढे आले. तक्रार ऐकली गेली नाही म्हणून तक्रार करणे चुकीचे ठरत नाही. लेखी पोच हातात असेल तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे नंतर कोणाला म्हणता येत नाही.

तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या पुलाचे ‘ऑडिट झाले’ असे कोणी सांगितले, तर एवढेच विचारा : आत काय पाहिले, काय पाहायचे राहिले आणि आकडा किती आला? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत पूल तपासलेला नाही असेच धरायला हवे.